पुस्तिकेतल्या सहा फिल्म

ता. ६ ऑगस्ट

चि. नकटीस,
अ. उ. आ.

बातमी अशी आहे की तुझं नाक वर जाणार, आणि वर जायला ते मुळात फारसं नाहीच, हीच काय ती अडचण. मानवी हक्कांसाठी आणि स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या माणसांना दर वर्षी जो आंतरराष्ट्रीय सन्मान देतात, तो यंदा तिघांना आहे. एक ऐंशीच्या घरातले वकील, एक खाणकामगारांचा पुढारी आणि तिसरी तू. सरकारी इस्पितळाच्या एक्स-रे विभागात शिशाचा एप्रन घालून दिवसभर लोकांची हाडं बघणारी माझी भाची.

नाव मी पाठवलं. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस आणि मग मला तुझं ऐकावं लागलं असतं.

तीन वर्षं तू औषधांच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर सीमेपलीकडे माझ्याकडे फिल्म पाठवते आहेस. चौकशी कचेरीतून इस्पितळाच्या मागच्या दाराने आणलेली माणसं; त्यांच्या बरगड्या, मनगटं, बोटं. दोनशे बारा फिल्म झाल्या. मी जन्मभर व्यासपीठावरून ओरडलो, छापखान्यांतले संप चालवले, तुरुंगात बसलो, शेवटी देश सोडला आणि इथे एका लहानशा छापखान्यात मुद्रितं तपासत बसलो आहे. माझ्या सगळ्या भाषणांनी झालं नाही ते तुझ्या कपाटाएवढ्या डार्करूमने केलं. कचेरी म्हणते, आमच्याकडे कुणाच्या अंगाला बोट लागत नाही. आता जगाने विचारावं, मग हे बोट आपणहून तीन ठिकाणी कसं मोडलं.

समारंभ पाच नोव्हेंबरला आहे. तोवर तुझं नाव कुठेही यायचं नाही, तसं मी समितीकडून लिहून घेतलं आहे. त्याआधी ऑक्टोबरअखेर तू ड्रायव्हरबरोबर इकडे यायचंस. तू सुखरूप पोचलीस की मग नाव जाहीर. त्याआधी सन्मानाची पुस्तिका निघेल, तीत तुझ्या काही फिल्म असतील, खाली फक्त ‘एका सरकारी इस्पितळातून’ एवढंच.

ताईला माझा नमस्कार सांग आणि तिचं मन वळव. आशीर्वाद भरपूर आहेत. उत्तर लवकर दिलंस तर त्यांना कामाला लावता येईल.

तुझा,
मामा


ता. २० ऑगस्ट

ती. मामांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र डार्करूममध्ये लाल दिव्याखाली वाचलं. तिथे आतून कडी लावता येते आणि कुणी दार उघडायला लावत नाही, फिल्म खराब होईल म्हणून. आधी हसू आलं, मग उठून कडी पुन्हा तपासली. मी कुठल्या व्यासपीठावर उभी राहणार? मला माणसांना ‘श्वास रोखा, आता सोडा’ एवढंच सांगता येतं.

आईला सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, की सन्मान देणारे लोक पुढे तिथे नोकरीही देतात का. मग म्हणाली, त्याला विचार, आपल्या गुडघ्यांचं औषध घेतोय की गुडघ्यांवरही भाषण देतोय. ती येणार नाही. म्हातारीला कोण काय करतं, असं तिचं म्हणणं आहे.

मी येईन. अभिमानाने नव्हे, दमले आहे म्हणून. गेले आठ दिवस आमच्या बाहेरच्या बाकावर एक माणूस येऊन बसतो. हाताला प्लास्टर आहे, चिठ्ठी नाही, नंबर लावत नाही. सोमवारी प्लास्टर डाव्या हाताला होतं, गुरुवारी उजव्या. वॉर्डमधल्या बायका त्यावरून हसतात. मीही हसले, आणि तो माझ्याकडे बघून हसला, तेव्हापासून मी हसत नाही.

एक गोष्ट आजवर तुम्हाला लिहिली नव्हती. पत्र सापडलं असतं तर दुसरा माणूस अडकला असता म्हणून. या कामात मी एकटी नाही. आमच्या विभागातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ माझ्याबरोबर आहेत. आपण त्यांना मौनीबुवा म्हणू, कारण तीन वर्षांत या कामाबद्दल ते माझ्याशी तीन वाक्यं बोलले असतील. प्रत्येक कैद्याच्या दोन फिल्म काढायच्या, एक ‘खराब गेली’ म्हणून लिहायची आणि चांदी काढायला जाणाऱ्या जुन्या फिल्मच्या खोक्यात टाकून मागून तिथून उचलायची, ही युक्ती त्यांचीच. त्यांची एकच अट होती, की त्यांचं नाव कुठे कधीही यायचं नाही. मी तसा शब्द दिला आहे.

म्हणून सांगते, फिल्मच्या कोपऱ्यांवर मी ज्या काळ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत त्यांना हात लावू नका. कारण भेटीत सांगेन.

माझ्यावर रागावू नका, आणि गुडघ्यांवरही नको.

तुमची,
नकटी


ता. ३ सप्टेंबर

चि. नकटीस,
अ. उ. आ.

तुझं उत्तर अजून हाती नाही. ड्रायव्हर तापाने आडवा झाला होता आणि त्याच्या जागी जो आला त्याच्याकडे कुणी काही दिलं नाही, हे बरंच झालं. तो आज उठला आहे. जाताना त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक पुस्तिका देतो आहे. औषधांच्या माहितीपत्रकांमध्ये घालून येईल.

पुस्तिका बघ. कागद बघ, छपाई बघ. चाळीस वर्षं शाई खाल्लेला माणूस सांगतो आहे, असं काम रोज होत नाही. तीन हजार प्रती काढल्या. वर्तमानपत्रं, वकिलांच्या संघटना, प्रत्येक देशाची वकिलात. तुमच्या सरकारच्या वकिलातीलाही एक मुद्दाम पाठवली, सप्रेम भेट म्हणून.

दोनशे बारांतून सहा फिल्म मी निवडल्या. दोन दिवस खिडकीच्या काचेला लावून एकेक बघत होतो. काही फिल्म अशा आहेत की हाडातली बारीक चीरसुद्धा केसासारखी दिसते. तुझा हात एवढा बसला आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि एक भांडण मी तुझ्या वतीने जिंकलं. समितीच्या वकिलाने शंका काढली, की कोपरे झाकलेले का, फिल्ममध्ये काही फेरफार तर नाही. मी म्हटलं, हाच प्रश्न उद्या कचेरी विचारणार. झाकलेला पुरावा म्हणजे शत्रूच्या हाती दिलेली काठी. मी कामगारांच्या पत्रकातली एक ओळ कधी कापू दिली नाही, मग माणसाच्या हाडाचा कोपरा कापू देईन? स्पिरिटचा बोळा घेऊन सहाही पट्ट्या मी स्वतः हळूहळू सोडवल्या. भिंग लावून पाहिलं. नंबर तू आधीच खरवडला होतास. एवढीशी दोन टिंबं आणि खाली रेघ, असं काहीतरी राहिलं होतं, ते कारखान्याचं असेल. आता फिल्म पूर्ण आहेत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुणाची छाती आहे त्यांना खोटं म्हणायची?

तू येशील तेव्हा स्टेशनवर मी असेन. हार आणणार नाही, घाबरू नकोस.

तुझा,
मामा


ता. १३ सप्टेंबर

ती. मामांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

ते कारखान्याचं नाही.

आमच्या विभागात प्रत्येकाला शिशाची एक छोटी खूण दिलेली असते. फिल्मच्या पेटीच्या कोपऱ्यात ती ठेवायची, म्हणजे फिल्मवर पांढरी उमटते. फिल्म बिघडली तर कुणाला बोलायचं हे साहेबांना कळावं, एवढ्यासाठी. माझी खूण त्रिकोण आहे. दोन टिंबं आणि खाली रेघ मौनीबुवांची आहे.

पुस्तिकेतल्या सहापैकी पाच फिल्म त्यांच्या आहेत. तुम्ही चांगल्यातल्या चांगल्या निवडल्यात आणि चांगल्या त्यांच्याच असतात. सव्वीस वर्षांचा हात आहे. सहावी माझी, तिच्यावर त्रिकोण नाही; माझ्यासारखी खूण न ठेवता फिल्म काढावी असं मी त्यांना एकदा सुचवलं होतं. ते म्हणाले, हात आपोआप ठेवतो, न ठेवली तर हात चुकतो आणि फिल्म हलते. म्हणून पट्ट्या.

चूक तुमची एकट्याची नाही. तुम्हाला कारण लिहिलं असतं तर तुम्ही हात लावला नसता. मी त्यांना वाचवायला गप्प राहिले आणि तुम्ही मला खोटं ठरण्यापासून वाचवायला पट्ट्या काढल्यात.

पुस्तिका बुवांना दाखवावी की नाही, यात दोन दिवस गेले. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पान खिडकीच्या उजेडाकडे धरलं, फिल्म धरतात तसं, आणि म्हणाले की चौथी थोडी जास्त धुतली गेली आहे. मग पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

आज सूचनाफलकावर कागद लागला. प्रत्येक तंत्रज्ञाने आपली शिशाची खूण, वर नाव लिहिलेल्या पाकिटात घालून, शुक्रवारपर्यंत साहेबांकडे द्यायची आहे. कारण दिलं आहे, झीज तपासण्यासाठी. मी बुवांना म्हटलं, हरवली म्हणा. ते म्हणाले, दप्तरखान्यात सव्वीस वर्षांच्या फिल्म आहेत.

बाकावरचा माणूस आता येत नाही. त्याचा हात बरा झाला असावा.

अजून वाटायच्या प्रती असतील तर थांबवा.

तुमची,
नकटी


ता. २२ सप्टेंबर

चि. नकटीस,
अ. उ. आ.

प्रती थांबवायला गेलो. एकही उरलेली नाही.

मी काय केलं हे लिहायचा चार दिवस प्रयत्न करतो आहे. शब्द माझ्या धंद्याचे आहेत आणि एकही कामाला येत नाही. ती पट्टी सोडवताना मला किती आनंद झाला होता हे आठवतं. बोळा नीट भिजवला होता, फिल्मला ओरखडा पडू नये म्हणून. फिल्मची एवढी काळजी घेतली, आणि माणसाचा विचार मनाला शिवला नाही.

पण नुसतं रडत बसायला मी देश सोडलेला नाही. उपाय सांगतो. गाडीत औषधांच्या खोक्यांमागे दोन माणसांची जागा आहे, ड्रायव्हर तिसऱ्याचीही करतो म्हणतो. दहा ऑक्टोबरच्या खेपेला तू, बुवा आणि त्यांच्या घरचं जे कोण असेल ते, सगळे या. इथे दोन खोल्यांची सोय मी केली आहे. कागदपत्रं समिती बघेल. त्यांना सांग, तुमच्या पाच फिल्म मी जगाला दाखवल्या, आता तुमचं घर मी माझ्या खांद्यावर घेतो.

बुवांना हे जमेल तेवढ्या गोड शब्दांत सांग. तू मूळची तिखट आहेस.

तुझा,
मामा


ता. ९ ऑक्टोबर

ती. मामांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

उद्याच्या गाडीने कुणी येणार नाही.

मी बुवांना तुमचा निरोप सांगितला होता. त्यांच्या पत्नीला साखरेच्या आजाराने दिसत नाही. बुवा म्हणाले, या घरात तिला प्रत्येक पाऊल मोजून माहीत आहे. पलंगापासून माठ सात, माठापासून खिडकी चार. दुसऱ्या घरात नेलं की ती आंधळी होईल. तीन वर्षांतलं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं.

गेल्या गुरुवारी दुपारी बारा वाजता त्यांना न्यायला आले. तिघं होते, साध्या कपड्यांत, अगदी सभ्य. बुवांनी हातातला रोगी पूर्ण केला. एप्रन काढून खिळ्याला लावला. उरलेल्या चिठ्ठ्या क्रमाने लावून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, बावीस नंबरचं लहान मूल आहे, हलेल, वेळ कमी ठेव. मग गेले. माझ्याकडे बघितलं नाही, त्या तिघांनीही माझ्याकडे बघू नये म्हणून.

आज सहावा दिवस. मी सकाळी कामावर जाण्याआधी त्यांच्या घरी जाते आणि वहिनींची वेणी घालते. ते रोज घालायचे. त्या विचारत नाहीत, मी सांगत नाही. काल एवढंच म्हणाल्या, तुझा हात हलका आहे, पण ते जास्त घट्ट घालतात.

मामा, कचेरीला माझ्याबद्दल अजून काही माहीत नाही. मी आज निघाले तर उद्या तुमच्याकडे पोचेन, हार घालून घेईन, फोटो निघतील आणि इथे बुवा माझ्या वाटणीचंही भोगतील. त्यांना यात मी ओढलं. पहिल्यांदा नाही म्हणाले होते. मी दोन महिने मागे लागले होते, तुमची भाची शोभावी अशी भाषणं देऊन.

म्हणून ठरवलं आहे. मी कचेरीत जाऊन सांगणार, की सगळ्या फिल्म माझ्या. माझी खूण उन्हाळ्यात मोरीत पडून गेली, तेव्हापासून ट्रेमध्ये असेल ती मी उचलते, बुवांची तिथेच पडलेली असायची. साहेबांकडे माझं पाकीट मी रिकामंच दिलं होतं. त्या वेळी ते हजर होते, पण मशीनवर मी होते.

माझ्या एकटीच्या सांगण्याने भागणार नाही. ते दोघांनाही ठेवून घेतील. पण तुम्ही पाच तारखेला व्यासपीठावरून काय बोलता ते दुसऱ्या दिवशी भाषांतर होऊन इथे टेबलावर येतं. तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, की प्रत्येक फिल्म हिनेच काढली, दुसरं कुणी नव्हतं. जगाने एकच नाव घेतलं तर कचेरीलाही एकच माणूस पुरतो.

एवढं माझ्यासाठी करा. आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही, एक सायकल सोडून.

तुमची,
नकटी


ता. १८ ऑक्टोबर

चि. नकटीस,
अ. उ. आ.

मी हे करणार नाही.

तू माझ्याकडे काय मागते आहेस हे शांतपणे वाच. ज्या व्यासपीठावर जगातली स्वातंत्र्याची माणसं उभी राहिली, तिथे उभं राहून मी खोटं बोलू? आणि कशासाठी, तर माझ्या बहिणीची मुलगी त्यांच्या हाती अलगद जावी म्हणून? चाळीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगितली आहे, की जुलमाला अंधार लागतो, तुम्ही दिवा लावा. त्याच तोंडाने आता दिवा विझवू?

माझं ऐक. उलट करू. दोघांची नावं घेऊ. बुवांचं नाव मी असं गाजवीन की झोपलेली माणसं उठून बसतील. सव्वीस वर्षं गप्प राहून काम करणारा माणूस, आंधळ्या बायकोची वेणी घालणारा माणूस. हे ऐकून कोण स्वस्थ बसेल? प्रत्येक वर्तमानपत्रात त्यांचा फोटो, प्रत्येक राजधानीत मोर्चा. सगळ्या जगाचे डोळे त्यांच्यावर असले की कचेरी हात लावताना दहा वेळा विचार करील.

आणि तू गाडीत बस. आज्ञा आहे असं समज. तुझ्या बापाच्या मागे मी तुला आज्ञा केली नव्हती, आता करतो.

तुझा,
मामा


ता. २७ ऑक्टोबर

ती. मामांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुमची आज्ञा मोडते आहे. पायावर डोकं ठेवून मोडते आहे.

जगाचे डोळे मोठे आहेत, पण ते किती वेळ उघडे राहतात? एक आठवडा, फार तर दोन. वहिनींना रोज सकाळी वेणी लागते.

आणि बुवांना शूर ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, की माझं नाव नको. आपलं नाव झाकून ठेवण्याचा हक्क हाही माणसाचा हक्क आहे, मामा. तुमच्या यादीत तो नसेल तर लिहून घ्या. तुम्ही त्यांची पट्टी एकदा न विचारता काढलीत. दुसऱ्यांदा विचारून काढणार का? मी त्यांच्या वतीने सांगते, नको.

सोमवारी सकाळी मी कचेरीत जाते आहे. तुम्ही पाच तारखेला काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मी जाणार हे मात्र ठरलं आहे, म्हणजे तुम्हाला निवड फार उरलेली नाही. हे दुष्टपणाचं आहे, कळतं मला. हे तुमच्याकडूनच शिकले. संपाच्या वेळी मालकाला तुम्ही असंच कोंडीत पकडायचात.

ड्रायव्हरची गाडी आता प्रत्येक खेपेला रिकामी करून बघतात. यापुढे त्याच्याकडे पत्र देऊ नका. लिहायचंच तर साध्या टपालाने लिहा, म्हणजे आधी ते वाचतील आणि मग मी.

आईला जपा म्हणणार होते, पण तुम्ही पलीकडे. मग ती तुम्हाला जपेल.

तुमची,
नकटी


ता. ११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. ही चिठ्ठी वॉर्डमधल्या नर्सबाई आपल्या भावाबरोबर पाठवत आहेत, तो परत यायचा नाही, म्हणून एकदाच लिहिते.

सोमवारी ती पोटभर जेवून गेली. दोन कपडे आणि दात घासायचा ब्रश घेतला. संध्याकाळी परत आली. त्यांनी हसून घालवून दिलं म्हणे, बाई घरी जा, आम्हाला काम आहे. मंगळवारी गेली, परत पाठवलं. असं रोज चाललं. रोज मी दार उघडायची आणि मला आनंद व्हायचा, आणि तिचं तोंड बघून तो गिळावा लागायचा.

मग तुझी पाच तारीख झाली. सहाला सकाळी सात वाजता दाराशी गाडी आली. या वेळी कुणी हसत नव्हतं. म्हणजे तू बोललास, हे मला तसं कळलं.

आठ तारखेला तिच्या त्या बुवांना सोडलं. काल घरी आले होते. उंबऱ्यापाशी उभे राहिले, आत आले नाहीत. उजवा हात वर जात नाही. मी पाणी दिलं ते डाव्या हाताने घेतलं. मीही त्यांना तसंच उभं ठेवलं, बसा म्हणायला जीभ वळली नाही. बायकोची वेणी आता डाव्या हाताने घालतात, असं नर्सबाई सांगत होत्या.

पण संपलेलं नाही. परवा दोघं माझ्याकडे चौकशीला आले. बुवांची खूण तुमच्या मुलीच्या फिल्मवर कशी, हे त्यांना अजून पटत नाही. तुमची मुलगी कुणाला तरी पाठीशी घालते आहे, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. बुवांना पुन्हा बोलावतील असंही म्हणाला. मी सांगितलं, मला हाडांतलं आणि खुणांतलं काही कळत नाही, माझ्या भावाला विचारा, त्याला सगळं कळतं.

तुझ्याशी भांडायचं आहे. ताकद आली की भांडेन.

तुझी,
ताई


ता. २० नोव्हेंबर

चि. नकटीस,
मुक्काम चौकशी कचेरी,
अ. उ. आ.

हे पत्र साध्या टपालाने येत आहे. तुझ्याआधी जे साहेब वाचतील त्यांनाही नमस्कार. त्यांनी घाई करू नये, सावकाश वाचावं.

समारंभ पार पडला. सभागृह मोठं होतं, माणसं खचाखच होती. वकिलांनी अर्धा तास भाषण केलं, खाणकामगारांच्या पुढाऱ्याने वीस मिनिटं. मला तुझ्या वतीने सन्मान घ्यायला बोलावलं. मी एवढंच म्हणालो, की पुस्तिकेतल्या सहाही फिल्म आणि बाकीच्या दोनशे सहा माझ्या भाचीने स्वतःच्या हाताने काढल्या, तिला कुणाची मदत नव्हती, आणि ती सध्या कुठे आहे ते इथल्या सर्वांनी आपापल्या सरकारांना विचारावं. मग खाली बसलो. टाळ्या थांबेनात. जन्मात एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या, आणि मला उठून दिवे बंद करावेसे वाटत होते.

आता तुझी खरडपट्टी काढतो. दुसऱ्याची वस्तू न विचारता वापरायची तुझी खोड लहानपणापासूनची आहे. शाळेत शेजारणीच्या वहीत आपली गणितं सोडवायचीस आणि मग ती कुणाची म्हणून बाईंपुढे भांडण. आईच्या चपला घालून हिंडायचीस. एप्रिलमध्ये तू मला कळवलंस, की माझी शिशाची खूण मोरीत गेली, नवी मागितली तर साहेब पगारातून कापतील, म्हणून ट्रेमध्ये पडलेली दोन टिंबांची उचलते. मी तेव्हाच उलट लिहिलं होतं, की हा निष्काळजीपणा आहे, उद्या एखाद्या भल्या माणसावर नसतं बालंट येईल. ऐकलं नाहीस. ते पत्र माझ्याकडे असतं तर सोबत जोडलं असतं, पण मला कागद साठवायची सवय नाही. ज्याची ती खूण होती त्या गृहस्थांना तुझ्यामुळे त्रास झाला असं कळतं. त्यांची माझी ओळख नाही. त्यांची माझ्यातर्फे क्षमा मागावी.

हाच मजकूर मी वेगळ्या कागदावर, इथल्या न्यायाधीशापुढे शपथेवर लिहून दिला आहे. त्याची सही-शिक्क्याची प्रत या पाकिटात आहे. कचेरीच्या साहेबांनी ती खटल्याच्या कागदांत लावून घ्यावी. उलटतपासणीसाठी मी बारा वर्षांनी माझ्या देशात पाऊल टाकायला तयार आहे. तारीख कळवावी. आल्यावर मला परत जाऊ दिलं नाही तरी माझी तक्रार नाही.

अंगावर पांघरूण देतात का? तुझी जुनी पोटदुखी कशी आहे? उत्तर लिहू दिलं तर एवढ्या दोन ओळी लिही, नाही दिलं तर मनात म्हण. माया होती तेवढीच आहे, कमी झाली असं कुणी सांगितलं तर ते खोटं.

तुझा,
आणि तुझ्याविरुद्धचा पहिला साक्षीदार,
मामा